एका मतासाठी रत्नागिरीपर्यंत

सतरा वर्षं मी देशभर हिंडलो, पण प्रवास म्हणावा असा एकही केला नाही. फौजेत माणूस प्रवास करत नाही, त्याला पाठवतात. रेल्वेचं वॉरंट हातात पडलं की ट्रंक उचलायची आणि गाडीत बसायचं. आसाम पाहिला, राजस्थान पाहिलं, वर बर्फात दोन हिवाळे काढले. आमच्या कराडपासून घाट उतरलं की लागणारं कोकण मात्र राहूनच गेलं. ते पाहिलं हवालदार म्हणून रिटायर झाल्यावर, आणि तेही दुसऱ्याच्या मतापायी. या सगळ्या फेरीत समुद्र मी जेमतेम अर्धा तास पाहिला. तेव्हा किनाऱ्याची वर्णनं ज्यांना हवीत त्यांनी आत्ताच दुसरं काही वाचायला घ्यावं, मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

आमच्या पलटणीत सुनील नावाचा एक नाईक होता. देवरूखच्या अलीकडच्या एका वाडीतला. मी जितका तडतड्या, तितका तो शांत. पण एक गोष्ट त्याला फार डाचायची. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याचं एकही मत मोजलं गेलं नव्हतं. आमच्या मतपत्रिका टपालानं यायच्या, आणि आमच्या चौकीपर्यंत त्या पोचेस्तोवर इकडे गुलाल धुऊन झालेला असायचा. कारगिलच्या वर्षी तर कहरच झाला. रेडिओ लावला की ज्याच्या त्याच्या भाषणात जवान. आणि जवानाची मतपत्रिका आली ती निकालानंतर. सुनीलनं ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हवालदारसाहेब, भाषणात आपण हाव. मोजनीत नाय."

मग नवा नियम आला. फौजीला आपल्या गावाकडचं विश्वासातलं माणूस नेमता येऊ लागलं. ते माणूस केंद्रावर जाऊन त्याच्या वतीनं मत देणार. त्यासाठी एक फॉर्म होता. फौजीनं आपल्या साहेबासमोर सही करायची, नेमलेल्या माणसानं नोटरीसमोर सही करायची, आणि तो कागद निवडणुकीच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. सुनीलनं बायकोला नेमलं. मे महिन्यात रजेवर जाऊन त्यानं लग्न केलं होतं आणि एकोणीस दिवस संसार करून परत आला होता. मी पलटण सोडली त्या दिवशी त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. "टपालावर माझा विस्वास नाय. तुमच्यावर हाय. तिच्या हातात द्या," म्हणाला.

मी पाकीट ट्रंकेत ठेवलं. आणि खोटं कशाला बोलू, विसरलो. गावी सत्कार झाला, हार-नारळ झाले, घराला रंग दिला, गणपतीची आरास केली. बारा दिवस ते पाकीट माझ्या गणवेशाच्या घडीखाली पडून होतं. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली, की उमेदवारी अर्ज भरायची मुदत परवा दुपारी तीनला संपणार. मी आपला मोदक खात होतो. तेवढ्यात सुनीलचं वाक्य आठवलं, "अर्ज भरायची मुदत संपायच्या आत कागद पोचाया हवा, नायतर ह्या टायमाला पन मत गेलं." अर्धा मोदक ताटात टाकून मी ट्रंकेकडे धावलो.

घाट उतरताना

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पिशवी भरली. तो गौर घरी यायचा दिवस. आमची ही दारात रांगोळी काढत बसली होती. तिनं मान वर केली नाही, नुसती म्हणाली, "सतरा वर्षांनी गौरी-गणपतीला घरी आलात, आणि गौर यायच्या दिवशी चाललात. छान." मी पिशवीचा बंद आवळला. निघता निघता ती म्हणाली, "मास्तर मतदार याद्या घेऊन येऊन गेले. तुमचं नाव इथं घालायचंय, फॉर्मवर सही लागते म्हणत होते." मी म्हटलं, "आल्यावर बघू."

मलकापूर सोडलं आणि आंब्याच्या घाटात एस.टी. ढगात शिरली. शेजारी बसलेला माणूस धबधबे मोजत होता. मी घड्याळ बघत होतो. घाट उतरला तसा मुलूख बदलला. माती लाल, दगड लाल, रस्त्यावरून वाहणारं पाणीसुद्धा लाल. आमच्याकडे गाव म्हटलं की घराला घर चिकटलेलं, एकाच्या घरात भांडण झालं की चौघांना ऐकू जातं. इथं गाव दिसतच नाही. नुसती झाडं. मग एखादं कौल दिसतं, की समजायचं, हे घर. दुसरं घर ओढ्यापलीकडे. भांडायचं म्हटलं तरी चालत जावं लागेल.

साखरप्याला गाडी बदलली आणि सांगितलेल्या फाट्यावर उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. वाडीत जायला दगडी पायऱ्यांची वाट असते, तिला पाखाडी म्हणतात. तिच्यावर शेवाळ असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बर्फात दोन हिवाळे पाय न घसरता काढलेला हा हवालदार तिसऱ्याच पायरीवर सपशेल बसला, आणि सहा पायऱ्या बसल्या बसल्याच उतरला. पॅण्टची मागची बाजू लालभडक झाली. त्याच अवस्थेत मी सुनीलच्या अंगणात पोचलो.

वाडी

सुनीलचे वडील नाहीत. घरात आई, जिला सगळी वाडी काकी म्हणते, आणि नवी सून संगीता. काकी दारात उभी होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "पडलाव वाटतं?" मी कोण ते सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग लगेच मागं वळून ओरडली, "नवे, पानी गरम कर, पावनं चिखलानं भरलेत!"

माजघरात गणपतीशेजारी त्यांची गौर बसली होती. आमच्या गौरींना पितळी मुखवटे, भरजरी साड्या आणि दोघी बहिणी. इथली गौर तेरड्याच्या रोपांची, मुळासकट उपटून आणलेली, तिलाच लुगडं नेसवलेलं. साधी, पण घरातल्याच कोणी बाईसारखी वाटत होती. मी नमस्कार केला आणि चहा यायच्या आतच पाकीट काढलं.

संगीताला मी काय ते समजावलं. बावीस-तेवीस वर्षांची पोर, दहावी पास. तिनं फॉर्म दोन्ही हातांनी धरून अगदी सावकाश वाचला. सुनीलच्या सहीपाशी थांबली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं मत मी द्यायचं?"

"तूच, वहिनी. उद्या पहिल्या गाडीनं रत्नागिरीला जायचं. तीनच्या आत कागद द्यायचा."

"उद्या?" चुलीपाशी बसलेली काकी म्हणाली. "उद्या ती घरातून हलायची नाय."

झालं! मला कळेना, की हिला झालं काय. मग कळलं. गौरीच्या पूजेच्या दिवशी इथं ववसा असतो. नवी नवरी माहेरून आलेल्या सुपांत फळं, पानं, विडे, सुकामेवा मांडून ती सुपं गौरीपुढे ओवाळते आणि मग एकेक सूप घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातात देते. सूप घेणाऱ्यानं तिला काही ना काही भेट द्यायची. पण पहिला ववसा वाटेल त्या वर्षी होत नाही. त्या दिवशी पूर्वा नक्षत्र असावं लागतं. ते यंदा होतं, आणि पंचांगात अकराच्या सुमाराला लागत होतं. त्याआधी ववसा नाही, आणि गौर घरात असताना नव्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही.

"यंदा चुकला तर फुडची पूर्वा कदी येल कोन जाने," काकी म्हणाली.

मी तापलो. माझा स्वभावच तो. म्हटलं, "काकी, तुमचं पोरगं तिकडं बर्फात उभं आहे. अकरा वर्षं एक मत द्यायला मिळावं म्हणून झुरतंय. आणि तुम्ही सुपं घेऊन बसता?"

काकी आवाज न चढवता म्हणाली, "माज्या पोराचं मला सांगू नका. तो बर्फात हाय म्हनून तर हा ववसा. त्याच्या आयुष्यासाठीच करतात तो."

मी उठून पडवीत जाऊन बसलो. मनातून वाटलं, ओरडावं, की काकी, यातलं काही तुमच्यामुळं नाही, हा कागद बारा दिवसांपूर्वीच इथं यायला हवा होता. पण ते धैर्य झालं नाही. रात्री भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. पिठलं सुरेख होतं, पण चव लागली नाही.

पूर्वा

सकाळपासून मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. फणसापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून फणसापर्यंत. सुनीलचा चुलतभाऊ बाळा मुंबईत टॅक्सी चालवतो. तो गणपतीला अख्खी टॅक्सीच घेऊन गावी आलेला. काळी-पिवळी, मीटरसकट, वरच्या रस्त्याला उभी होती. तो म्हणाला, "साहेब, अकराला ववसा झाला ना, तर दोन तासांत रत्नागिरी. काकी सोडत असंल तर."

"आणि नाही सोडलं तर?"

"मंग मी नाय, देव पन काय करनार नाय."

अकरा वाजले. वाडीतल्या बायका जमल्या. संगीता हिरव्या साडीत, नाकात नथ. पाच सुपं तिनं एकामागून एक ओवाळली. पहिलं सूप काकीला, काकीनं चोळीचा खण दिला. दुसरं चुलतसासूला, तिसरं आणखी कोणाला. मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. अकरा पंचवीस. शेवटचं सूप नवऱ्याचं. नवरा नाही, म्हणून तिनं ते सुनीलच्या गणवेशातल्या फोटोपुढे ठेवलं. एक म्हातारी सहज बोलून गेली, "सूप ठेवलंस खरं, पन भेट कोन देनार गे? फोटू?" कोणी हसलं. संगीतानं मान खाली घातली.

मला काय झालं कोण जाणे. बायकांच्या कामात पुरुषानं जायचं नसतं एवढं मलाही कळतं. पण मी चपला काढल्या, सरळ आत गेलो आणि ते पाकीट सुपात ठेवलं. म्हटलं, "ही सुनीलची भेट. त्यानं स्वतःच्या हातानं सही करून बर्फातून पाठवलीय."

काकीनं सुपाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मग उठली. कुंकवाचा करंडा घेतला, पाकिटातून कागद अर्धा बाहेर काढून त्याला हळद-कुंकू लावलं, आणि सुनेच्या ओटीत घातला.

"मंग हितं उभी ऱ्हाऊन काय करतंस?" ती संगीतावर खेकसली. "नवऱ्यानं भेट दिली ती घेऊन जा बिगीबिगी. दिवेलागनीच्या आत ये. तिखटाचा निवेद तुज्या हातनं दाखवायचा हाय."

संगीतानं शाळेचा दाखला तेवढा पिशवीत घातला, नथ काढायलाही वेळ नव्हता. आम्ही तिघं पाखाडी चढून वर पळालो. या वेळी मी पडलो नाही.

हातखंबा

बाळा बोलका माणूस. पालीपर्यंत त्यानं मुंबईच्या पोलिसांची, खड्ड्यांची, पुढाऱ्यांची यथेच्छ उणीदुणी काढली. मी विचारलं, "मत कुणाला देतोस?"

"मत? मी कंदी दिलंच नाय. नाव गावात, धंदा मुंबैत. एका मतापायी दोन दिवसांचा धंदा कोन बुडवल?"

मग माझा पट्टा सुटला. म्हटलं, "तर मग बोलू नकोस! जो मत देत नाही त्यानं पाच वर्षं तोंडाला कुलूप घालायचं. रस्ता वाईट म्हणायचं नाही, वीज गेली म्हणायचं नाही, पुढारी चोर आहेत असं तर मुळीच म्हणायचं नाही. तिकडं आम्ही मरायला उभे राहतो ते तुझ्यासारख्यांनी घरी बसून बडबड करावी म्हणून?" बाळानं गिअर बदलला. मागं संगीता ओटीतला कागद पदरानं झाकून बसली होती. ती सगळं ऐकत होती, आरशात मला दिसत होतं.

हातखंब्याला तिठ्यावर गाड्याच गाड्या. एक ट्रक वळताना अडकलेला, मागं चाकरमान्यांच्या गाड्या, प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढे घुसलेला. सव्वा वाजला होता. दहा मिनिटं झाली, गाडी तसूभर हलली नाही. मी दार उघडून उतरलो. कवायतीच्या मैदानावरचा आवाज लावला आणि चौकात उभा राहिलो. "ए जीप, मागं! मागं म्हणतो ना! टेम्पो, तू थांब! ट्रक, आता वळव!" लोकांना वाटलं कोणी साहेब आहे. एक वडेवाला तर मला सलाम करून गेला. पंधरा मिनिटांत वाट मोकळी झाली. बाळानं गाडी आणली, मी चालत्या गाडीत बसलो. संगीता पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला घरात कसं काय सहन करतात?"

मी म्हटलं, "अजून बाराच दिवस झालेत. बघू."

रत्नागिरी

रत्नागिरीत पोचलो तर नोटरीच्या ऑफिसला कुलूप. बरोबरच, गौरी कोणाला सुटतात? पानवाल्यानं वकीलसाहेबांचं घर दाखवलं. ते बाहेर आले ते सोवळं नेसून, कपाळाला गंध. आतून घावनांचा वास येत होता. त्यांच्या गौरी म्हणजे ओढ्यातून आणलेले पाच खडे, एका ताम्हनात. माझ्या घरी मुखवटे, वाडीत तेरडा, इथं खडे. एका दिवसाच्या वाटेवर गौरीची तीन रूपं पाहिली.

"काय हो, आत्ता?" वकीलसाहेब सावकाश म्हणाले. इथले शहरी लोक बोलतात ते नाकातून आणि अगदी निवांत. "मी सोवळ्यात आहे. शिक्क्याला हात लावायचा म्हणजे पुन्हा आंघोळ आली."

मी सगळं सांगितलं. फौज, बर्फ, अकरा वर्षं, तीन वाजता मुदत.

"अस्सं होय? मग आंघोळ केली पाहिजे." त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि संगीताकडे दाखला मागितला. तिनं शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्यांनी एकदा फॉर्म पाहिला, एकदा दाखला पाहिला. "इथं नाव सायली आहे. दाखल्यावर संगीता. ही सायली कोण?"

लग्नात नाव बदललेलं! आमच्याकडेही बदलतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात. पण ते नाव असतं उखाण्यापुरतं. रेशनकार्डावर, दाखल्यावर जुनंच. आणि या शहाण्यानं सरकारी कागदावर नेमकं ते ताटातलं नाव लिहिलं! मी वैतागून म्हटलं, "सुनील्या, लेका, काय करून ठेवलंस हे! वहिनी, सायली म्हणतं तरी का कोणी तुला?"

ती लाजली. "वाडीत कोन नाय म्हणत. सासूबाई नवी म्हणतात. सायली फक्त हेच म्हणतात. तेही पत्रात."

"पत्र आहे?" वकीलसाहेब म्हणाले.

तिनं कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेलं पत्र काढलं. फौजेच्या टपालाचा शिक्का असलेलं. पाकीट वकीलसाहेबांना दिलं आणि आतलं पत्र मुठीत गच्च धरून ठेवलं. त्यांनी पत्ता मोठ्यानं वाचला, सौ. सायली, वाडीचं नाव, तालुका. मग चष्म्यावरून तिच्या मुठीकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "आतलं नको हो मला. बाहेरचं पुरे." संगीता आणि सायली ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी लिहिलं, बाळानं दीर म्हणून आणि मी नवऱ्याचा सहकारी म्हणून साक्ष घातली, शिक्का पडला. दोन वाजून पस्तीस मिनिटं. निघताना त्यांच्या मंडळींनी घावनाची पुरचुंडी हातात कोंबली. संगीता उपाशी आहे हे त्यांनी तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं.

निवडणुकीच्या ऑफिसच्या अलीकडेच पोलिसांनी गाडी अडवली. कोणी उमेदवार वाजतगाजत अर्ज भरायला आलेला. आम्ही उतरून धावलो. नथीतली नवी नवरी पुढे, मागं मी, लोक वाट देत होते. त्यांना काय वाटलं देव जाणे. आतल्या क्लार्कबाईंनी असा फॉर्म कधी हाताळला नव्हता. त्यांनी पुस्तक काढलं, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. दोन बावन्न. दोन त्रेपन्न.

"हे लाल काय सांडलंय?"

"कुंकू आहे बाई. सांडलं नाही, लावलंय."

बाईंनी एकदा संगीताकडे पाहिलं, ठक्कन शिक्का मारला आणि पोच दिली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात ना? लष्कराच्या यादीतून नाव निघतं. गावच्या यादीत घातलंत की नाही?"

माझी छाती आधीच फुगलेली. म्हटलं, "आमचं काय विचारता बाई! सतरा वर्षं चाकरी केलीय. सरकारला आमचं नाव पाठ आहे."

परतीच्या वाटेवर संगीतानं घावनं खाल्ली, आम्हालाही दिली. बाळा गाणं गुणगुणत होता. मला मात्र स्वस्थता नव्हती. फाटा जवळ आला तेव्हा मागं वळून मी म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. हा कागद माझ्या ट्रंकेत बारा दिवस पडला होता. मी विसरलो होतो. ही सगळी धावपळ माझ्यामुळं झाली."

ती म्हणाली, "मला माहीत हाय. त्यांच्या सहीखाली तारीख हाय."

म्हणजे आदल्या संध्याकाळपासून तिला ठाऊक होतं. मी काकीवर डाफरत होतो तेव्हाही, बाळाला शिकवत होतो तेव्हाही. मला इतकी लाज वाटली, की अंधार पडेपर्यंत मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती पुन्हा त्याबद्दल कधी बोलली नाही. घरी गेल्यावर तिनं गौरीला मटणाचा आणि वड्यांचा नैवेद्य दाखवला. आमच्याकडे गौरीला पुरणपोळी आणि सोळा भाज्या. इथं मटण म्हटल्यावर मी दचकलो. काकी म्हणाली, "लेक माहेरी आली तर तिला भाजी-भाकरीवर धाडायची?" मी तीन वेळा रस्सा मागितला.

दुसऱ्या दिवशी बाळानं मला मुद्दाम रत्नागिरीवरून आरे-वाऱ्याला नेलं. सुनीलनं सांगितलं होतं, माझ्या वतीनं समुद्र बघून या. वरच्या वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात. वारा सुटला होता, पाणी करड्या रंगाचं. अर्धा तास उभा राहिलो. माणूस एवढं सोडून बर्फात कसा राहतो, याचं मला पहिल्यांदाच नवल वाटलं. मग गाडी चुकेल म्हणून निघालो.

घरी

तीन आठवड्यांनी मतदान झालं. मी सकाळी सातला इस्त्रीचे कपडे घालून, छातीला पदकं लावून शाळेत गेलो. आयुष्यातलं पहिलं मत. मास्तरांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. माझं नाव नव्हतं. आमच्या हिचं होतं, भावाचं होतं, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्यांचंही होतं. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मी फॉर्म घेऊन आलो होतो हो. तुम्ही कोकणात गेला होतात. अर्ज भरायची मुदत संपली, की नवं नाव घालता येत नाही." म्हणजे रत्नागिरीत मी ज्या घड्याळाकडे बघत होतो त्याच घड्याळात माझीही वेळ संपत होती. बाईंनी विचारलंही होतं. मी भिंतीशी उभा राहून पदकं काढली आणि खिशात घातली. डोळ्यांत पाणी आलं ते पोरांना दिसू नये म्हणून फळ्याकडे तोंड केलं.

संध्याकाळी चौकातल्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. देवरूखच्या एस.टी.डी. बूथवरून संगीता.

"भाऊजी, झालं! मशीनवर बटन दाबलं, लांब शिटी वाजली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावली. दुसऱ्याच्या वतीनं मत दिलं की त्या बोटाला लावतात म्हणे. सासूबाईंनी अख्ख्या वाडीला बोट दाखवायला लावलं."

"सुनीलनं सांगितलं होतं त्यालाच दिलंस ना?"

"ते नाय सांगायचं. गुप्त असतं." मग म्हणाली, "आनी तुमचं? कुठल्या बोटाला शाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. कराडहून देवरूखला कोणाला दिसणार होतं? पण त्या पोरीनं एकदा माझी तारीख वाचली होती. मी खरं ते सांगून टाकलं.

अगदी हळू, पण हसू दाबून, ती म्हणाली, "मंग भाऊजी, पाच वर्षं तोंडाला कुलूप. रस्ता वाईट म्हणायचं नाय. वीज गेली म्हणायचं नाय."

तेव्हापासून मी कुलूप पाळतोय. वीज जाते, मी दिवा लावतो आणि गप्प बसतो. आमची ही म्हणते, घरात इतकी शांतता सतरा वर्षं मी नसतानाही नव्हती. पण लिहायचं नाही असं संगीता म्हणाली नव्हती, म्हणून एवढं लिहून काढलं. मास्तरांकडून नाव घालायचा फॉर्म आणलाय. भरून, सही करून, ट्रंकेत न ठेवता आज सकाळीच त्यांच्या हातात देऊन आलो.